अकरावी सायन्सला मॅथ्स सोडू का बायो सोडू, का दोन्ही ठेवू? घरी रोज मीटिंग चालू आहे

गोंधळलेली_सोळा

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितीये त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

दहावी झाली, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश, ८९ टक्के. सायन्स घ्यायचं हे नक्की आहे (म्हणजे बऱ्यापैकी नक्की), कॉलेजही मिळालंय, पण स्ट्रीम फॉर्ममध्ये भरली तरी विषय अॅडमिशनच्या दिवशी कॉलेजात लिहून द्यायचेत आणि तिथेच घोडं अडलंय. फिजिक्स केमिस्ट्री तर आहेतच. आमच्या कॉलेजात उरलेल्यात पर्याय असे : मॅथ्स + बायो, मॅथ्स + भूगोल, बायो + भूगोल, किंवा मॅथ्ससोबत बायफोकल कॉम्प्युटर सायन्स. वर भाषेऐवजी आयटी घेता येतं ते वेगळंच.

घरातली परिस्थिती अशी की बाबा म्हणतात मॅथ्स सोडलंस तर पस्तावशील. आत्या म्हणते दोन्ही ठेव, बारावीनंतर बघू. चुलतभाऊ पीसीबीचा (फिजिक्स केमिस्ट्री बायो), नीटसाठी म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी ड्रॉप घेतलाय, तो म्हणतो मॅथ्स ठेवलंस तर तुझं काही खरं नाही. आई म्हणते तुला जे आवडतं ते घे, आणि सगळ्यात जास्त प्रेशर खरं तर त्याचंच येतं कारण मला काय आवडतं तेच कळत नाहीये.

खरं सांगायचं तर मॅथ्समध्ये मार्क चांगले आलेत पण ते प्रॅक्टिस करून करून आलेत. भूमितीची प्रमेयं मी चक्क पाठ केलेली, स्टेप बाय स्टेप, एक ओळ विसरली की पुढचं सगळं गायब. सायन्स टू (बहुतेक बायोच) मात्र कधी अभ्यास केल्यासारखं वाटलंच नाही. हेरेडिटीचा (आनुवंशिकतेचा) पहिलाच धडा तर मी शाळा सुरू व्हायच्या आधी वाचून काढला होता. पण डॉक्टर व्हायचंय असं आतून काही येत नाही हो. आणि डॉक्टर व्हायचं नसेल तर बायो घेऊन करायचं काय असं सगळे विचारतात.

मैत्रिणी सगळ्या पीसीबीला चालल्यात. हेही एक कारण आहे, लपवत नाही.

सोमवारी अॅडमिशन आहे. प्लीज कोणीतरी नीट सांगा.

---

खडूफळा

अगं आधी श्वास घे. सोमवार लांब आहे.

मी ज्युनिअर कॉलेजला मॅथ्स शिकवतो, वीसेक वर्षं झाली, त्यामुळे मी मॅथ्सच्या बाजूने बोलणार हे धरूनच वाच. तुझा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहतो, सोबत एक पालक असतो आणि तोच सगळं बोलतो.

पहिली गोष्ट, जी कोणी सांगत नाही. तुम्हाला एकूण सहा विषय घ्यावेच लागतात. इंग्रजी, दुसरी भाषा किंवा आयटी, आणि चार ऐच्छिक. म्हणजे बायो सोडलंस तर ती जागा रिकामी राहत नाही, तिथे भूगोल नाहीतर आणखी काहीतरी येणार. बायफोकल घेतलंस तर कॉम्प्युटर सायन्सच दोनशे मार्कांचं होतं आणि ते दुसरी भाषा आणि बायो दोघांची जागा खातं. त्यामुळे ‘पीसीएमबी (मॅथ्स बायो दोन्ही) म्हणजे एक विषय जास्त’ हा हिशोबच चुकीचा आहे. विषय तेवढेच, फक्त चौथा विषय भूगोलापेक्षा जड आहे. आता तो किती जड ते खाली कोणीतरी रडत रडत सांगेलच.

दुसरी गोष्ट, आणि हे तुझ्या चुलतभावालाही वाचून दाखव. मॅथ्स सोडलं की मॅथ्स सुटतं असं नाही. अकरावी फिजिक्सचं बालभारतीचं पुस्तक उघड. पहिला धडा युनिट्स अँड मेजरमेंट्स, दुसरा धडा मॅथेमॅटिकल मेथड्स. हो, फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा. व्हेक्टर, डॉट प्रॉडक्ट, क्रॉस प्रॉडक्ट, आणि शेवटी डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची तोंडओळख. पीसीबीच्या पोरांना हा धडा सुटत नाही. फरक एवढाच की मॅथ्सवाल्यांना तेच पुढे आमच्या तासाला सावकाश भेटतं आणि पीसीबीवाल्यांना ते घाईत गिळावं लागतं. दरवर्षी पीसीबीची दोनतीन पोरं ऑगस्टमध्ये माझ्याकडे येतात, ‘सर फक्त डेरिव्हेटिव्ह समजावून द्या, बाकी काही नको’. फक्त डेरिव्हेटिव्ह!

तिसरं, कुठे काय लागतं ते. इंजिनिअरिंगला जेईई किंवा सीईटीला फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स. नीटला फिजिक्स केमिस्ट्री बायो आणि बारावीला इंग्रजी. आर्किटेक्चरला मॅथ्स आणि फिजिक्स दोन्ही. फार्मसीला फिजिक्स केमिस्ट्री हवंच, त्याच्याबरोबर मॅथ्स किंवा बायो कोणतंही चालतं, हे खूप जणांना माहीतच नसतं. एनडीएची (सैन्यदलांचे अधिकारी घडवणारी अकादमी) गंमत सांगतो, आर्मीसाठी बारावी कुठल्याही स्ट्रीमने केलेली चालते, पण लेखी परीक्षेत नऊशेपैकी तीनशे मार्कांचं मॅथ्स आहे. म्हणजे दार उघडं आहे पण उंबरा मॅथ्सचाच. एअरफोर्स नेव्हीला तर बारावीलाच फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स लागतं. इकॉनॉमिक्स नीट करायचं म्हटलं तरी मॅथ्स, दिल्ली युनिव्हर्सिटीला इकॉनॉमिक्स ऑनर्ससाठी प्रवेश परीक्षेत मॅथ्सचा पेपर द्यावाच लागतो. स्टॅटिस्टिक्सचं तर बोलायलाच नको. लॉ आणि डिझाइनला काहीही चालतं.

राहिला प्रश्न नंतर परत घेण्याचा. बायो एक वर्ष मागे पडलं तरी वाचून भरून काढता येतं. मॅथ्सचं तसं नाही, ते जिन्यासारखं आहे, मधल्या चार पायऱ्या नसतील तर वर जाता येत नाही.

आता तू शनिवार रविवार एक कर. ईबालभारतीवर पुस्तकं फुकट मिळतात. बारावीचं, हो बारावीचं, मॅथ्स पार्ट टू उघड आणि बारावीचं बायो उघड. समजणार नाही काहीच, समजायला नकोच आहे. फक्त बघ की न समजल्यावर तू काय करतेस.

---

तिसऱ्यांदा_नीट

वरच्या सरांचा मान ठेवून सांगतो, ‘बायो वाचून भरून काढता येतं’ हे वाक्य मॅथ्सचा माणूसच बोलू शकतो 😄

नीटला ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोचे आहेत सर. नव्वद प्रश्न. आणि एनसीईआरटीच्या पुस्तकातली चित्राखालची बारीक अक्षरातली ओळसुद्धा विचारतात. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. हे वाचून भरून काढायचं प्रकरण नाही, रोज घासायचं प्रकरण आहे. आणि स्टेट बोर्डाचं बायो वेगळं, एनसीईआरटीचं वेगळं, दोन्ही करायचं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नीट द्यायची असेल तर मॅथ्सला हात जोड आणि सोड, दया माया नको. मी पहिल्या वर्षी पीसीएमबी घेतलं होतं ‘राहू दे बॅकअप’ म्हणून. बारावी बोर्डाच्या आधीचे पंधरा दिवस इंटिग्रेशनमध्ये गेले, ज्याचा मला नीटला शून्य उपयोग होता. बॅकअप म्हणून ठेवलेल्या गोष्टीनेच मेन गोष्ट खाल्ली.

पण तू म्हणतेस डॉक्टर व्हायचं नाही. मग नीट देऊ नकोस गं. खरंच. सगळे देतायत म्हणून नीट देणाऱ्यांची लाइन फार लांब आहे आणि ती पुढे सरकत नाही, मी तिसऱ्यांदा उभा आहे त्यात.

---

जर्नल_अपूर्ण

रडत रडत सांगणारी आले 🙋‍♀️

पीसीएमबी, नुकतीच बारावी दिली. सरांनी सांगितलं विषय तेवढेच, ते बरोबर आहे, पण दिवस कसा जातो ते सांगते. फिजिक्स केमिस्ट्री बायो तिन्हीला ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल, मॅथ्सला ८० आणि २०. प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल. जर्नल सर्टिफाय झालं नाही तर प्रॅक्टिकलला बसायचे वांदे. बायोच्या जर्नलमध्ये चित्रं, आणि आमच्या मॅडमना शेडिंग चालायचं नाही, ठिपके ठिपके देऊन काढायचं, कांद्याच्या मुळाच्या टोकाची ती मायटोसिसची स्लाइड मी तीनदा काढलीये कारण मेटाफेज मध्यभागी दिसत नव्हता म्हणे. त्यात फिजिक्सचे ग्राफ, केमिस्ट्रीचे सॉल्ट अॅनालिसिस, मॅथ्सचंही वेगळं प्रॅक्टिकलचं बुक. जानेवारीत मी रात्री जर्नल लिहायचे आणि सकाळी क्लासला झोपायचे.

आणि खरी गंमत म्हणजे क्लासवाल्यांचं टाइमटेबल. पीसीएमची आणि पीसीबीची बॅच वेगळी, पीसीएमबीवाले दोन्हीकडे उपरे. मॅथ्सचा तास संपून बायोच्या बॅचला पोचेपर्यंत तिथली अर्धी डायग्राम फळ्यावरून पुसलेली असायची.

तरीही विचारशील तर मी परत पीसीएमबीच घेईन का? घेईन बहुतेक. कारण मला सीईटीचे दोन्ही ग्रुप देता आले. पीसीएमला मॅथ्सचे पन्नास प्रश्न पण प्रत्येकी दोन मार्क, पीसीबीला बायोचे शंभर प्रश्न एकेक मार्काचे, निगेटिव्ह नाही. पीसीबीचा स्कोअर माझा जास्त आला आणि तेव्हा कुठे मला कळलं की मी कुठली आहे ते. दोन वर्षांची मेहनत करून कळलं, तू दोन दिवसांत शोधायला बघतीयेस, म्हणजे माझ्यापेक्षा हुशारच आहेस 😅

आयटीबद्दल : घे. परीक्षा ऑनलाइन असते, स्कोअरिंग आहे, एचटीएमएल जावास्क्रिप्ट वगैरे शिकतेस. भाषा आवडत असेल तर मात्र भाषाच ठेव, मला तेच एक वाईट वाटतं.

---

उधारजमा

सगळे सायन्सवालेच बोलतायत म्हणून एक वेगळा आवाज. सायन्स ‘बऱ्यापैकी नक्की’ असं लिहिलंयस, तो ‘बऱ्यापैकी’ मला खटकला. ८९ टक्के आले म्हणून सायन्स घेतेयस का? माझ्या वर्गात असे आठदहा जण होते, त्यातले निम्मे नंतर बी.कॉम.ला माझ्या शेजारी येऊन बसले.

आणि मॅथ्समधून सुटका हवी म्हणून कोणी कॉमर्सला येत असेल तर, मित्रांनो, सीए फाउंडेशनला चार पेपर असतात, त्यातला तिसरा अख्खा क्वांटिटेटिव्ह अॅप्टिट्यूड. बिझनेस मॅथ्स, लॉजिकल रिझनिंग, स्टॅटिस्टिक्स. मी अकरावीला मॅथ्सऐवजी एसपी घेतलं होतं, सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, पत्रं लिहायला शिकलो छान. मग फाउंडेशनला मॅथ्स शून्यापासून.

बाकी बारावी सायन्सनंतर बी.कॉम. बी.ए.ला जाता येतं, उलटं जमत नाही, हा आत्याचा मुद्दा तेवढा खरा आहे.

---

एकदा_सोडलेलं

मी लिहू का नको असा विचार करत होते पण तू हेरेडिटीचं लिहिलंस म्हणून लिहिते.

मी तूच होते. सेमी नव्हे, पूर्ण मराठी मीडियम. त्यामुळे अकरावीला पहिले तीन महिने तर भाषांतरातच गेले, प्रकाशसंश्लेषण मला येत होतं, फोटोसिंथेसिस येत नव्हतं, पेशीभित्तिका माहीत होती, सेल वॉल ऐकून मी भिंतच शोधत बसले. त्या गडबडीत मला सगळ्यात आधी जे ओझं टाकता आलं ते म्हणजे मॅथ्स. टाकलं. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

पीसीबी, मग बी.एस्सी. बॉटनी, मस्त चाललं होतं. मग एम.एस्सी.ला जेनेटिक्स. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर पी स्क्वेअर अधिक दोन पीक्यू अधिक क्यू स्क्वेअर बरोबर एक असं लिहिलं, हार्डी वाइनबर्ग (पी आणि क्यू म्हणजे एका जीनच्या दोन रूपांचं लोकसंख्येतलं प्रमाण), आणि म्हणाले हे तर सगळ्यांना येतंच. येत होतं की, पाठ होतं. पण त्यांनी विचारलं की समजा दोन्ही जीन बिघडले तरच होणारा एक आजार लोकसंख्येत दर दहा हजारांत एकाला आहे, तर तो जीन नुसताच अंगात बाळगणारे किती? आणि मी वहीकडे बघत बसले. आता सांगते, उत्तर जवळपास पन्नासात एक. क्यू स्क्वेअर म्हणजे एक भागिले दहा हजार, क्यू एक भागिले शंभर, दोन पीक्यू साधारण दोन भागिले शंभर. तीन ओळी. त्या दिवशी मला तीन ओळी सुचल्या नाहीत, आणि हे काही बारावीचं मॅथ्स नाही गं, हे आठवीनववीचं आहे. मॅथ्स सोडल्यावर माझी फक्त बारावी सुटली नव्हती, आकड्याला हात लावायची सवयच सुटली होती.

आणि मग तो मेंडेल. तुझ्या त्याच धड्यातला. त्याने वाटाणे नुसते लावले नाहीत, मोजले. ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, भाग दिला की २.९६ येतात, आणि तो म्हणतो हे तीनास एक आहे. त्याआधीही लोक संकर करत होते, असं मोजायचं फारसं कोणाला सुचत नव्हतं. व्हिएन्ना युनिव्हर्सिटीत तो फिजिक्स आणि मॅथ्स शिकून आला होता. १८६६ साली पेपर छापून आला तर बरीच वर्षं कोणी फारसं बघितलंच नाही त्याच्याकडे. आम्हाला शाळेत वाटाण्याचं चित्र शिकवलं, मोजणं नाही शिकवलं. मला हे सव्विसाव्या वर्षी कळलं आणि मी अक्षरशः चिडले होते, कोणावर ते माहीत नाही.

पुढे मी स्टॅटिस्टिक्स शिकले, प्रोग्रामिंग शिकले, सगळं रडत, रात्री, एकटीने. झालं. म्हणजे ‘परत घेता येत नाही’ असं नाही, सर. पण जे सतराव्या वर्षी वर्गात बसून शिकता आलं असतं ते नोकरी करता करता शिकायला लागतं.

‘डॉक्टर व्हायचं नसेल तर बायो कशाला’ असं म्हणणाऱ्यांना काही सांगत बसू नकोस. वेळ वाया.

---

तिसऱ्यांदा_नीट

@एकदा_सोडलेलं ताई, हे मस्त लिहिलंय. तो पन्नासात एकवाला प्रश्न मी करून बघितला, आला 😌 पण नीटला असं विचारतात तेव्हा वेळ नसतो.

---

भूगोलवाला

भूगोलाला ‘रिकामी जागा भरायला’ म्हणणाऱ्यांचा निषेध. स्पर्धा परीक्षेला कोण कामाला येतो ते नंतर कळेल. बाकी चालू द्या.

---

गोंधळलेली_सोळा

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी. आईला पण वाचून दाखवलं. बाबांनी स्वतःच मोबाइल घेऊन वाचलं आणि ‘बघ मी म्हणत होतो’ म्हणाले, फक्त सरांचं वाचून 🙄

खडूफळा सर, तुम्ही सांगितलं तसं केलं. सगळं खरं लिहिते.

शनिवारी बारावीचं मॅथ्स पार्ट टू उघडलं. पहिला धडा डिफरन्सिएशन. दहा मिनिटांनी मी मागची उत्तरं बघत होते. मग अजून दहा मिनिटं प्रामाणिकपणे बसले, मग पाणी प्यायला उठले ते परत आलेच नाही. म्हटलं संपलं, पीसीबी.

मग बायो. चौथा धडा, मॉलिक्युलर बेसिस ऑफ इनहेरिटन्स. त्यातही काही कळत नव्हतं, लॅक ओपेरॉन म्हणजे काय ते अजूनही नीट कळलेलं नाही, पण ते कळत नाही म्हणून मी एक व्हिडिओ बघितला, मग दुसरा, मग एका कागदावर ते स्विचसारखं चित्र काढलं (साखर आली की ऑन, नसली की ऑफ, असं आहे ना?) आणि आई दिवा बंद करायला आली तेव्हा पावणेएक वाजला होता. म्हणजे न समजल्यावर मी काय करते ते कळलं. एकीकडे पाणी प्यायला जाते आणि एकीकडे जेवायलाही उठत नाही.

पण गोष्ट इथे संपली नाही. रविवारी ताईंचं वाचलं, मेंडेलचं. ते ५४७४ भागिले १८५० मी खरंच करून बघितलं. मग विचार आला की बरोब्बर तीन का नाही आलं, आणि किती कमी आलं की म्हणायचं हे तीनास एक नाही? म्हणजे २.९६ चालतं, २.५ आलं असतं तर? हे कोणी ठरवायचं? हे विचारायला बाबांकडे गेले तर ते म्हणाले हे प्रॉबॅबिलिटीत असेल, म्हणून अकरावीचं मॅथ्स पार्ट वन काढलं, त्यात प्रॉबॅबिलिटीचा धडा आहे, आणि तो मी बसून अर्धा केला. उत्तरं न बघता! दोन नाण्यांपासून सुरू केलं आणि मग दोन नाण्यांच्या जागी मोठा टी आणि छोटा टी ठेवला तर तो पनेट स्क्वेअरच (आईबाबांचे जीन मुलांत कसे येतील ते दाखवणारा चौकोन) झाला की. मला वाटलं हे फक्त मलाच दिसलंय 😂

आता मी जास्त गोंधळलेय. मला मॅथ्स आवडत नाही पण मॅथ्समधला एक धडा आवडतो. यावर विषय निवडतात का?

---

खडूफळा

निवडतात. लोक याहून फालतू कारणांवर निवडतात. एकाने मला सांगितलं होतं, मॅथ्सचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर आहे म्हणून सोडतोय.

‘२.५ आलं असतं तर’ हा प्रश्न तू विचारलास ना, तो स्टॅटिस्टिक्सचा अख्खा एक विषय आहे, त्याला काय-स्क्वेअर टेस्ट म्हणतात, पुढे भेटेल. या प्रश्नात जन्म घालवणाऱ्या माणसांसाठी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) काढली. प्रमेय पाठ करणारी मुलगी हा प्रश्न विचारत नाही. म्हणजे तुला मॅथ्स येत नाही असं नसून, मॅथ्स तुला कोणीतरी कशासाठी ते न सांगता दिलं असावं. आमच्याच धंद्याचा दोष, मान्य.

ताईंनी माझं ‘परत घेता येत नाही’ खोडून काढलं तेही मान्य, एवढं ताणायला नको होतं. राज्य बोर्डाबाहेर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळा) राहिलेला एखादा विषय नंतर देता येतोच. आणि बायोचं तर एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) २०२३ मध्ये सांगितलंय की बारावीला अॅडिशनल म्हणून बायो केलं असलं तरी नीटला चालतं. सोडलं की दरवाजा कायमचा बंद असं कुठल्याच बाजूला नाही, फक्त एका बाजूचं कुलूप जरा गंजतं.

तुझ्यासारख्या मुलीसाठी एक परीक्षा आहे, तिचं नाव कोणी घेतलं नाही अजून. आयसरची (सरकारी विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) अॅप्टिट्यूड टेस्ट. साठ प्रश्न, बायो केमिस्ट्री मॅथ्स फिजिक्स प्रत्येकी पंधरा. चारही विषयांना सारखं वजन देणारी परीक्षा आपल्याकडे फार नाहीत. तिथे नीट जेईईसारखं एकाच बाजूला झुकायला लागत नाही, आणि पुढे पाच वर्षांच्या कोर्समध्ये सुरुवातीला सगळंच शिकवतात. पीसीएमबीच्या पोरांना सगळीकडे उपरं वाटतं ना, तिथे वाटत नाही.

पण जर्नल_अपूर्णने लिहिलेलं विसरू नको, ते सगळं खरं आहे. पीसीएमबी घेतलंस तर एक गोष्ट कर, नीट आणि जेईई दोन्हीचा क्लास लावू नको. चार विषय झेपतात, चार विषय आणि दोन एंट्रन्स झेपत नाहीत. आणि दिवाळीपर्यंत बघ. फारच ओढाताण झाली तर सुरुवातीच्या काळात विषय बदलायचा अर्ज बहुतेक कॉलेजं घेतात, तारीख मात्र अॅडमिशनच्याच दिवशी ऑफिसात विचारून ठेव, तोंडी नको, नोटीस बघून.

---

जर्नल_अपूर्ण

सर ‘दिवाळीपर्यंत बघ’ म्हणतायत पण आमच्या इथे मुदत त्याच्या खूप आधीच संपली होती, म्हणून तारीख खरंच विचार गं.

आणि लॅक ओपेरॉन बरोबर काढलंयस. फक्त साखर म्हणजे लॅक्टोज, साधी साखर नाही. लॅक्टोज आलं की रिप्रेसर (जीन बंद ठेवणारं प्रोटीन) बाजूला होतो. परीक्षेत रिप्रेसर लिहिलं नाही तर मार्क जातात.

---

उधारजमा

मी माझा ‘बऱ्यापैकी’वाला मुद्दा मागे घेतो. रात्री पावणेएकपर्यंत लॅक ओपेरॉन काढणारी मुलगी कॉमर्सला नको, आम्ही झोपणारे लोक आहोत.

---

एकदा_सोडलेलं

पनेट स्क्वेअर आणि दोन नाणी, अगं हे मला एम.एस्सी.ला कोणीतरी सांगितलं तेव्हा कळलं होतं. तुला फक्त तुलाच दिसल्यासारखं वाटलं ना, ते वाटणं जपून ठेव, नंतर फार कमी वेळा येतं.

मैत्रिणींचं पण एक सांगते, तू वर लपवत नाही असं लिहिलंयस म्हणून. बॅच वेगळी झाली तरी फिजिक्स केमिस्ट्रीचे तास एकत्रच असतात. माझी जी मैत्रीण पीसीएमला गेली तिच्याशीच अजून बोलणं आहे, पीसीबीच्या दोघींची नावंसुद्धा आता पटकन आठवत नाहीत.

---

गोंधळलेली_सोळा

झालं!! आत्ताच आलो कॉलेजमधून. पीसीएमबी, आणि भाषा मराठीच ठेवली, आयटी नाही घेतलं (भूगोलवाले काका सॉरी). फॉर्मवर बायोच्या चौकटीत टिक करताना हात अजिबात थांबला नाही, मॅथ्सच्या चौकटीपाशी मात्र पेन एवढा वेळ थांबलं की खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, बाळा मागे लाइन आहे. केलं मग.

विषय बदलायची शेवटची तारीख विचारली. त्या म्हणाल्या नोटीस लागेल. फोटो काढायला परत जाणार आहे.

चुलतभाऊ बोलत नाहीये माझ्याशी. आत्या खूश आहे, तिला वाटतंय तिचं ऐकलं.

जर्नल_अपूर्ण ताई, एक विचारायचं होतं. बायोच्या चित्रांना ते ठिपके द्यायला पेन्सिल एचबी चालते का टूएच लागते?

---

जर्नल_अपूर्ण

एचबी. टोक करून. आणि टूएच विकत घ्यायला सांगतील पहिल्या दिवशी, घेऊ नकोस, त्याने कागद फाटतो.